पोच आली का?

हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहा वाजता माझ्या पुतण्याच्या घरी कोणी मोठ्याने बोलत नाही. आपल्याकडची ही दिवेलागणीची वेळ. आमची आजी असती तर तिने या वेळी समई लावून पोरांना शुभंकरोतीला बसवले असते. आता घरातला कर्ता मुलगा संगणकासमोर बसलेला असतो, शेजारी चहा गार होत असतो आणि त्याची नजर पडद्यावरच्या एका ओळीकडे लागलेली असते. ती ओळ हिरवी झाली की तो खुर्चीत मागे रेलतो, गार चहा तसाच पिऊन टाकतो आणि मग घरात पुन्हा बोलणे सुरू होते.

पुतण्या पुण्यातल्या एका संगणक कंपनीत आहे. ही कंपनी युरोपातल्या एका गॅस-व्यापाऱ्याचे काम पाहते. आपल्याकडचे साडेसहा म्हणजे तिकडचे दुपारचे दोन. उद्या कुठल्या सीमेवरून किती गॅस न्यायचा आहे, हे वाहिनीचालकाला कळवण्याची तिथली ती शेवटची वेळ. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात, तेव्हा हे मौन साडेपाचला पाळले जाते.

गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो होतो. ऐन फराळाच्या दिवसांतही तो वैतागलेला दिसला. एका नव्या कंपनीशी निरोपांची देवाणघेवाण सुरू करायची होती. तीन आठवडे झाले, तरी एक निरोप इकडून तिकडे जाऊन त्याची धड पोच आली नव्हती. सूनबाई म्हणाली, "अहो, व्हॉट्सॲपवर तर क्षणात जातो की!" सगळे हसले. पुतण्याही हसला. मला मात्र हसू आले नाही. बँकेत मी तीस वर्षांहून अधिक काळ काढला, आणि एक निरोप खरा की खोटा या प्रश्नावर दिवसभर अडून बसलेला मी स्वतःला पाहिले आहे. त्या तीन आठवड्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, असे त्या दिवसापासून मनात होते. शिवाय त्या तीन आठवड्यांतले काय ठेवावे आणि काय टाकावे, याबद्दलही माझे काही म्हणणे आहे.

आधी हा व्यापार काय आहे ते पाहू. गहू विकला तर पोते उचलून नेता येते. वाहिनीतल्या गॅसवर कोणाचे नाव लिहिलेले नसते. नॉर्वेच्या समुद्रातून आलेला आणि जहाजातून द्रवरूपात येऊन पुन्हा वायू झालेला, सगळा एकाच नळात मिसळतो. हॉलंडमधल्या व्यापाऱ्याने जर्मनीतल्या व्यापाऱ्याला गॅस विकला, तर नेमका तोच गॅस त्याच्याकडे जातो असे मुळीच नाही. एकाने नळात इतका घातला, दुसऱ्याने तितका काढला, एवढेच हिशेबात नोंदवले जाते. म्हणजे या धंद्यात निरोप हाच माल. निरोप चुकला तर माल चुकला.

या निरोपाला तिकडे 'नॉमिनेशन' म्हणतात. आम्हा बँकवाल्यांना हा शब्द ऐकला की ठेवीदाराच्या वारसाचे नाव आठवते. तिथे त्याचा अर्थ 'उद्या मी इतका गॅस नेणार' असा. युरोपातला गॅसचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. मध्य युरोपातल्या घड्याळाप्रमाणे सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा असा तो मोजतात. आदल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत मागणी कळवायची. मग सीमेच्या दोन्ही बाजूंचे वाहिनीचालक आपापल्याकडे आलेले आकडे ताडून पाहतात आणि चार वाजेपर्यंत 'इतके मान्य' असे उलट कळवतात. एका बाजूने दहा हजार कळवले आणि दुसऱ्या बाजूने नऊ हजार, तर दोघांनी वेगळे काही ठरवलेले नसल्यास लहान आकडा धरला जातो. नंतर दर तासाला सुधारणा करण्याची सोय असते, हे खरे. पण मुदतीत निरोप पोहोचलाच नाही, तर आपण काय म्हणणार होतो याला अर्थ उरत नाही. चालकांनी आधीच ठरवून ठेवलेला नियम लागू होतो. आणि ठरल्यापेक्षा कमीजास्त गॅस घातला वा काढला, की त्या तफावतीचे पैसे मोजावे लागतात. जानेवारीतल्या गोठवणाऱ्या रात्री घराघरांतली उष्णता या आकड्यांवर चाललेली असते.

आता माझी गोष्ट. साल १९८७. मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. त्या काळी एका गावाहून दुसऱ्या गावी तातडीने पैसे पाठवायचे तर 'टीटी' करत, म्हणजे तारेने पैसे. तार काय, कोणीही करू शकतो; म्हणून तारेत एक सांकेतिक आकडा असे. तारीख, रक्कम, शाखा अशा प्रत्येक गोष्टीसाठी संकेतपुस्तकात आकडे ठरलेले असत आणि त्यांची बेरीज तारेत घातलेली असे. तार मिळाली की आम्ही तिजोरीतले पुस्तक काढून तीच बेरीज आपल्याकडे करायचो. जुळली तर पैसे द्यायचे. नाही जुळली तर साक्षात ब्रह्मदेव आला तरी नाही.

एके दिवशी दुपारी मुंबईहून तीन हजारांची तार आली. मुलाने वडिलांना पाठवलेले पैसे. बायकोला शहरातल्या इस्पितळात हलवायचे म्हणून ते गृहस्थ सकाळपासून बाकावर बसून होते. नाव बरोबर, रक्कम बरोबर. बेरीज मात्र दहाने चुकत होती. मी तीनदा केली, मग शेजारच्या अधिकाऱ्याने केली. जुळेना. मी पैसे दिले नाहीत. मुंबईच्या शाखेला ट्रंक कॉल लावला, तो लागायला पाच वाजून गेले. तिकडच्या अधिकाऱ्याने आकडा वाचून दाखवला तेव्हा उलगडा झाला: तार खरी होती, तारघरात वाटेत कुठेतरी एक आकडा बदलला होता. रोखीचा हिशेब बंद झाला होता, तो मॅनेजरसाहेबांच्या परवानगीने पुन्हा उघडला आणि सहाच्या सुमारास पैसे दिले. बाई पुढे बऱ्या झाल्या. गृहस्थ जाताना एवढेच म्हणाले, "साहेब, तुमचा आकडा जुळला, पण माझा दिवस गेला."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. माझे चुकले का? नियमाप्रमाणे नाही. तशीच तार खोटी असती तर? पण पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की त्या दिवसाचा खरा दोष आकडा न जुळण्यात नव्हता. मुंबईची शाखा तार करून मोकळी झाली होती. आपली तार धड पोहोचली की मोडकी पोहोचली, हे तिला कळायची सोयच नव्हती. 'मिळाली, पण आकडा जुळत नाही' एवढा उलट निरोप पाच मिनिटांत गेला असता, तर त्या माणसाचा दिवस वाचला असता. कुलूप आमच्याकडे होते. पोच नव्हती.

पुतण्या हल्ली जे करतो, ते माझ्या मते हेच काम आहे, फक्त संकेतपुस्तकाची जागा गणिताने घेतली आहे. युरोपीय आयोगाने २०१५ साली गॅसवाहिन्यांच्या कारभारासाठी नियम केले, ते १ मे २०१६ पासून लागू झाले. दस्तऐवज पाठवण्यासाठी त्यांत 'एएस-४' नावाची पद्धत ठरवून दिली आहे. ही पद्धत गॅसवाल्यांनी शोधलेली नाही. ओएसिस या संस्थेने ती २०१३ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली.

तिचे मर्म असे. प्रत्येक कंपनीकडे किल्ल्यांची एक जोडी असते, एक उघडी आणि एक गुप्त. उघडी किल्ली म्हणजे रस्त्यावरची टपालपेटी समजा: पत्र कोणीही टाकावे, काढू मात्र पेटीचा मालकच शकतो. म्हणून समोरच्याला निरोप पाठवताना त्याच्या उघड्या किल्लीने तो बंद करायचा. उलट स्वतःची सही करायची ती आपल्या गुप्त किल्लीने. ती खरी की खोटी हे आपल्या उघड्या किल्लीवरून जगातला कोणीही तपासू शकतो. आमच्या संकेतपुस्तकाची मोठी अडचण ही होती की तेच पुस्तक दोन्हीकडे लागे; ते आधी गुपचूप पोहोचवायचे कसे, हाच पेच. या पेचातून सुटण्याची वाट डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ साली जगापुढे मांडली. ब्रिटनच्या गुप्तवार्ता खात्यात एलिस आणि कॉक्स यांना ती त्याआधीच सापडली होती, पण खात्याच्या गुप्ततेमुळे ही गोष्ट १९९७ पर्यंत बाहेर आली नाही.

मग तीन आठवडे कशाला लागतात? कारण गणित सुटले, तरी एक प्रश्न उरतोच: ही उघडी किल्ली त्याचीच कशावरून? आमच्याकडे खाते उघडायला पूर्वी ओळख देणारा लागे. आधीचा खातेदार अर्जावर सही करून सांगे की या गृहस्थांना मी ओळखतो. इथे ओळख देण्याचे काम प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था करतात. पण ओळख देणाराच फसला तर? हॉलंडमधल्या डिजिनोटार या संस्थेत २०११ साली चोर शिरले आणि त्यांनी तिच्या नावाने पाचशेंहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. त्यांतले गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र इराणमधल्या लोकांची पत्रे चोरून वाचण्यासाठी वापरले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात संस्थेचे दिवाळे वाजले. कुलपात खोट नव्हती. खोट ओळख देणाऱ्याच्या घरात होती.

म्हणून मी पुतण्याला विचारले, "समोरच्याचे प्रमाणपत्र ई-मेलने येते म्हणतोस. ते त्यांनीच पाठवले हे तू कसे ठरवतोस?" तो म्हणाला, "काका, प्रत्येक प्रमाणपत्राचा एक ठसा असतो, आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ. करारात ज्या माणसाचा फोन नंबर आहे, त्याला मी फोन करतो. तो त्याच्याकडचा ठसा वाचतो, मी माझ्याकडचा पाहतो." मला १९८७चा ट्रंक कॉल आठवला. पद्धत बदलली, पण शेवटी एका माणसाने दुसऱ्याला आकडे वाचून दाखवायचे हे टळले नाही. आणि ते टाळूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली ओळख माणसानेच माणसाला करून द्यावी.

बाकीचे दिवस बारीक गोष्टींत जातात. समोरच्याच्या संगणकाचा पत्ता दोन्हीकडच्या संरक्षक भिंतीतून मोकळा करायचा. कोणत्या किल्लीने सही, निरोप गेला नाही तर किती वेळा पुन्हा पाठवायचा, तोच निरोप दोनदा आला तर ओळखायचा कसा, हे दोघांनी ठरवून आपापल्याकडे तंतोतंत सारखे भरायचे. एक खूण इकडची तिकडे झाली की सगळे अडते. कंपन्यांची ओळख पटावी म्हणून युरोपात ऊर्जाव्यवहारासाठी सोळा अक्षरांचा एक संकेतांक आहे. त्याचे शेवटचे अक्षर आधीच्या पंधरांवरून हिशेबाने काढलेले असते, त्यामुळे टंकताना झालेली चूक तिथल्या तिथे सापडते. आपल्या बँकशाखांच्या अकरा अक्षरी आयएफएस संकेतांकात अशी सोय नाही.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पोच. एएस-४ मध्ये निरोप पोहोचला की समोरची यंत्रणा पोच पाठवते. गॅसवाल्यांच्या पद्धतीत त्या पोचेवर तिची सही असते आणि तुम्ही नेमके काय पाठवले होते त्याचा ठसाही असतो. उद्या 'आम्हाला असे काही मिळालेच नाही' म्हणण्याची सोय नाही. पोच आली नाही तर यंत्रणा तोच निरोप पुन्हा पाठवते, आणि घेणारा दुसरी प्रत ओळखून बाजूला ठेवतो. एकच रक्कम दोनदा दिली गेल्याचा घोळ ज्याने शाखांच्या आपसातल्या हिशेबात निस्तरला आहे, त्याला याचे मोल सांगायला नको.

मात्र इथेच एक गफलत होते, आणि ती शिकलेले लोकही करतात. पोच म्हणजे मान्यता नव्हे. रजिस्टर पत्राची गुलाबी पोच परत आली म्हणजे पत्रातली मागणी मान्य झाली असे नाही; पाकीट दारात पोहोचले एवढेच. आतला आकडा बरोबर आहे का, तो मान्य आहे का, हे सांगणारा निरोप वेगळा असतो आणि तो नंतर येतो. पुतण्या म्हणाला की नवी मुले पहिली हिरवी ओळ दिसली की उठून जातात. तो साडेआठपर्यंत थांबतो, कारण तिकडचे चार वाजेपर्यंत मान्यतेचा निरोप यायचा असतो. सूनबाईची तक्रार त्याच दोन तासांबद्दल आहे. मी त्याच्या बाजूने आहे, हे तिला सांगून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट किल्ली परत घेण्याची. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या सहीचा नमुना रद्द झाल्याचे पत्रक निघाले. निरोपसमारंभाच्या हारापेक्षा ते पत्रक जास्त लागले होते, हे कबूल करतो. आता त्यातले शहाणपण कळते. अमेरिकेत ७ मे २०२१ रोजी कलोनियल या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी ताबा मिळवला. टेक्सासपासून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत जाणारी तिची वाहिनी सुमारे ८,८५० किलोमीटरची. पूर्व किनाऱ्यावरचे ४५ टक्क्यांच्या आसपास इंधन तिच्यातून जाई. हल्ला झाला तो कार्यालयीन संगणकांवर, तेल वाहणाऱ्या यंत्रांवर नव्हे. तरीही खबरदारी म्हणून कंपनीने वाहिनी बंद केली आणि ती पाच दिवस बंद राहिली. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली. तिचा बराच भाग सरकारने पुढे परत मिळवला. आणि चोर शिरले कसे? एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्याच्या पासवर्डने. ते खाते कोणी रद्दच केले नव्हते. कोणाच्या तरी सहीचा नमुना पुस्तकात तसाच राहून गेला होता, असे आमच्या भाषेत म्हणता येईल.

तिसरी गोष्ट तारखेची. प्रत्येक प्रमाणपत्राला मुदत असते. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधल्या ओ-टू या कंपनीचे लाखो मोबाइल एकाएकी इंटरनेटविना पडले. हल्ला नव्हता की बिघाड नव्हता. एरिक्सनने पुरवलेल्या प्रणालीतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. इथे मी माणसाची बाजू घेणार नाही. तारखा माणसाकडून विसरल्या जातात. मुदत संपण्यापूर्वी नवे प्रमाणपत्र जुन्याच्या साक्षीने बदलून घेण्याची सोय आता या पद्धतींत आहे, ती जरूर वापरावी. एकदा ओळख झालेल्या माणसाला दरवर्षी पुन्हा ओळख मागणे हे केवळ कागद वाढवणे आहे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. पहिली ओळख आणि शेवटचा निरोप, म्हणजे किल्ली देणे आणि काढून घेणे, ही कामे नाव-पत्ता असलेल्या माणसाने जबाबदारीने करावीत, त्यांत घाई करू नये. मधले सगळे, बेरजा, पोचा, तारखा, फेरपाठवणी, यंत्राला द्यावे. उलटे झाले की घात होतो. हल्ली सर्वत्र 'पाच मिनिटांत जोडणी' अशी भाषा ऐकू येते. यंत्रांची जोडणी पाच मिनिटांत व्हावी, जरूर व्हावी. ओळख पाच मिनिटांत होत नाही.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे आहे असे समजू नका. आपल्याकडे २००८ पासून विजेची बाजारपेठ चालते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून विजेचे सौदे होतात. १ जून २०२० पासून दर अर्ध्या तासाला लिलाव होतो, आणि त्याच महिन्यात गॅसच्या खरेदीविक्रीचीही बाजारपेठ सुरू झाली. अर्ध्या तासाच्या लिलावात निरोपाची चूक फोनवरून निस्तरायला वेळ नसतो. जितका वेग जास्त, तितकी ओळख आधीच पक्की हवी. एवढी एक गोष्ट आपण युरोपकडून, किंवा खरे तर आपल्याच जुन्या बँकांकडून, घ्यावी.

दिवाळी संपता संपता पुतण्याच्या त्या नव्या कंपनीचा पहिला निरोप एकदाचा गेला. भाऊबीजेची संध्याकाळ होती. ओळ हिरवी झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो उठला नाही. साडेआठच्या थोडे आधी दुसरा निरोप आला, आकडा जुळला होता. मग तो ओवाळून घ्यायला पाटावर येऊन बसला. बहीण तबक घेऊन दोन तास थांबली होती, ती म्हणाली, "तुझा आकडा जुळला, आता माझा जुळव." ओवाळणीचे पाकीट तिने तिथेच उघडून मोजले. मी मात्र त्या बाकावरच्या गृहस्थांच्या आठवणीत थोडा वेळ गप्प होतो.